गाण्यांतून शास्त्र शिकविणारे पंडित विष्णु नारायण भातखंडे



घोडबंदरच्या किल्ल्यावर ज्यांनीं पाय ठेवला असेल त्यांस ठाऊकच आहे कीं, तेथील जुने बुरूज अद्यापि खाडीकडे पाहात उभे आहेत. पोर्तुगीजांनीं रचलेला तो दगड १७३७ सालीं मराठ्यांच्या हातीं आला आणि १८१८ सालीं इंग्रजांच्या हातीं गेला. राज्यें बदललीं, परंतु दगड राहिला. घोड्यांच्या व्यापारावरून या गांवास हें नांव पडलें असें सांगतात. त्या गजबजलेल्या बंदरांत नावाड्यांनीं, शिपायांनीं व व्यापाऱ्यांनीं किती गाणीं म्हटलीं असतील! त्यांपैकीं एकहि आज आपल्या कानीं येत नाहीं. दगड टिकतो, गाणें हवेंत विरून जातें. तें गाणाऱ्याच्या कंठांत राहतें. आणि त्यानें तें दुसऱ्याच्या कंठांत घातलें नाहीं, तर गाणाऱ्याबरोबर तेंहि संपतें.

आपल्या इकडील ख्रिस्तमंदिरांत गायनवृंद उभा राहतो तेव्हां त्याच्या हातांत पुस्तक असतें. त्या पुस्तकांत पांच रेघांवर स्वर मांडलेले असतात. ज्यास ती लिपि वाचतां येते त्यास शंभर वर्षांपूर्वीं दूरदेशीं रचलेली चालहि आज म्हणतां येते. उलट आपल्या गांवच्या भजनी मंडळींत मुलगा बुवांच्या शेजारीं बसतो, ऐकतो व तसें म्हणूं लागतो. दोन्ही रीती चांगल्या आहेत. पण पहिल्या रीतीनें शिकणाऱ्यास गाण्याचा नियम डोळ्यांपुढें दिसतो, आणि दुसऱ्या रीतीनें शिकणाऱ्यास तो नियम वर्षानुवर्षें केवळ अंदाजानें ओळखावा लागतो. आपल्या हिंदुस्थानी रागसंगीतांत हा नियम सर्वांस दिसेल असा मांडावा, आणि तो मांडतांना गाण्याचा गोडवा घालवूं नये, या एका कामास ज्या पुरुषानें आपलें आयुष्य दिलें, त्याचें चरित्र आज आपणांस सांगावयाचें आहे. ते पुरुष म्हणजे पंडित विष्णु नारायण भातखंडे.

भातखंडे यांचा जन्म मुंबईस वाळकेश्वर येथें १० ऑगस्ट १८६० रोजीं गोकुळाष्टमीच्या दिवशीं झाला. घराणें मध्यम स्थितीचें होतें. लहानपणीं त्यांस बांसरीचा नाद लागला. पुढें शाळेंत शिकत असतांच ते वल्लभदास दामुलजी यांजकडे सतार शिकूं लागले. त्या काळीं प्रतिष्ठित घरांतील मुलानें गाण्या-बजावण्याच्या नादीं लागणें वडीलधाऱ्यांस सहसा रुचत नसे. गाणें ऐकावें, पण तें शिकणें हें आपलें काम नव्हे, अशी समजूत रूढ होती. म्हणून भातखंड्यांनीं आपल्या आवडीपायीं अभ्यास सोडला नाहीं, आणि अभ्यासापायीं आवडहि सोडली नाहीं. १८८५ सालीं ते बी. ए. झाले व १८८७ सालीं त्यांनीं कायद्याची पदवी मिळविली. नंतर कांहीं काळ कराचीस व पुढें मुंबईस त्यांनीं वकिली केली.

वकिलीचा हा धंदा त्यांच्या संगीतास उपयोगी पडला असें म्हटल्यास आश्चर्य वाटूं नये. चांगला वकील ऐकीव गोष्टीवर विसंबत नाहीं. तो साक्षीदारांस प्रश्न विचारतो, एकाचें म्हणणें दुसऱ्याच्या म्हणण्याशीं ताडून पाहतो, जुने कागद शोधतो आणि मग निर्णयास येतो. हीच रीत भातखंड्यांनीं पुढें रागांस लाविली.

मुंबईंत त्या काळीं गायन उत्तेजक मंडळी नांवाची एक संस्था होती. कैखुश्रू नवरोजजी काबराजी या पारशी गृहस्थांनीं ती १८७० सालीं स्थापिली होती. १८८४ सालीं भातखंडे तिचे सभासद झाले. तेथें रावजीबुवा बेलबागकर यांजकडून त्यांस पुष्कळ ध्रुपदें मिळालीं, आणि अलीहुसेन, विलायतहुसेन अशा उस्तादांकडून ख्याल मिळाले. अशा शेकडों चिजा त्यांनीं मुखोद्गत केल्या. चीज म्हणजे रागांत बांधलेलें गाणें. परंतु चिजांचा सांठा जसजसा वाढूं लागला तसतसा त्यांच्या मनांत एक प्रश्नहि वाढूं लागला. एकाच रागाचें रूप एक गवई एक सांगे, दुसरा दुसरें सांगे. एक म्हणे या रागांत मध्यम घ्यावा, दुसरा म्हणे घेऊं नये. कारण विचारावें तर बहुतेकांचें उत्तर एकच असे: आमच्या गुरूंनीं असें शिकविलें. मग जुने संस्कृत ग्रंथ पाहावे, तर त्यांतील रागांचीं नांवें तींच, पण स्वर निराळे. देवगिरीच्या यादवांच्या राज्यांत तेराव्या शतकांत शार्ङ्गदेवानें संगीतरत्नाकर लिहिला. तो ग्रंथ मोठा खरा; परंतु त्यांतील राग आजच्या गवयाच्या गळ्यांत शोधूं गेल्यास सांपडत नाहींत. गाणारे एकीकडे, ग्रंथ दुसरीकडे, आणि मधल्या मधें शिकूं पाहणारा विद्यार्थी उभा!

याच सुमारास त्यांच्यावर संसारांतील मोठीं दुःखें कोसळलीं. १९०० सालीं त्यांची पत्नी निवर्तली. १९०३ सालीं त्यांची एकुलती मुलगीहि गेली. घर रितें झालें. अशा वेळीं कित्येक माणसें खचून जातात. भातखंड्यांनीं मात्र आपलें उरलेलें सर्व आयुष्य त्या एका प्रश्नास वाहिलें. वकिली हळूहळू सुटली, आणि जवळचा पैसा प्रवासांत, पुस्तकांत व विद्यादानांत जाऊं लागला.

१९०४ सालीं ते दक्षिणेंत गेले. मद्रास, तंजावर, मदुरा, एट्टयापुरम् अशा ठिकाणीं विद्वानांच्या भेटी घेत ते हिंडले. एट्टयापुरम् येथें त्यांस सुब्बराम दीक्षित भेटले. दक्षिणेकडील संगीताचा एक प्रचंड ग्रंथ या वृद्ध पंडितांनीं त्याच वर्षीं प्रसिद्ध केला होता. व्यंकटमखी या सतराव्या शतकांतील शास्त्रकाराचा चतुर्दंडिप्रकाशिका हा ग्रंथहि या प्रवासांत भातखंड्यांस मिळाला. त्या ग्रंथांत सर्व रागांची व्यवस्था लावण्यासाठीं ७२ मेल गणितानें सिद्ध केले आहेत. मेल म्हणजे ज्यांतून राग निघतात असा सात स्वरांचा सांचा. आपण त्यास थाट म्हणतों. दक्षिणेंत आणखी एक सुंदर चाल होती. तेथें रागाचे नियम त्याच रागांत बांधलेल्या लहान गीतांतून सांगत. अशा गीतांस लक्षणगीत हें नांव होतें.

पुढें १९०७ सालीं नागपूर, हैदराबाद, विजयनगरम् व कलकत्ता, आणि १९०८-०९ सालीं अलाहाबाद, काशी, लखनौ, आग्रा, दिल्ली, मथुरा, जयपूर, बिकानेर असा त्यांचा प्रवास झाला. बरोबर रोजनिशी असे. ज्यास भेटावें त्यास प्रश्न विचारावे, उत्तरें लिहून घ्यावीं, ग्रंथालयांत जुनीं हस्तलिखितें पाहावीं व त्यांच्या नकला करवाव्या, असा त्यांचा क्रम असे. कित्येकांनीं आदरानें मदत केली, कित्येकांनीं दारेंहि लावून घेतलीं.

येथें उस्तादांची बाजूहि आपण समजून घेतली पाहिजे. गवयाच्या घरीं शेतवाडी नसे. पिढ्यान् पिढ्या जपलेल्या चिजा हीच त्याची मिळकत. ती मिळकत कोणा परक्यानें कागदावर उतरून बाजारांत चार आण्यांस विकावी, हें त्यास कसें आवडावें? मुलाच्या तोंडचा घांस काढून घेतल्यासारखें त्यास वाटे. दुसऱ्या बाजूनें, एखादा थोर गवई पुत्राशिवाय वा शिष्याशिवाय मरण पावला म्हणजे त्याच्याबरोबर शेंकडों वर्षांचें धन मातींत जाई, हेंहि तितकेंच खरें होतें. भातखंड्यांपुढें हा पेंच होता. त्यांनीं तो शक्य तेथें नम्रतेनें सोडविला. जयपूरचे महंमदअली खां व त्यांचे पुत्र आशिकअली यांजकडून त्यांस पुष्कळ मोलाच्या चिजा मिळाल्या. रामपूरचे नबाब हमीदअली खां यांचें शिष्यत्व त्यांनीं पत्करलें, कारण तानसेनाच्या परंपरेंतील विद्या त्या दरबारीं होती. पदवीधर वकिलानें पन्नाशीच्या आसपास पुन्हा शिष्य होऊन बसावें, यांतच त्यांची तळमळ दिसते. मात्र आपल्या लेखनांत त्यांनीं अनेक उस्तादांस अडाणी म्हणून कठोर बोल लाविले आहेत, तें आज वाचतांना खटकतें. ज्या धनाची त्यांनीं मोजदाद केली तें धन त्याच लोकांच्या स्मरणशक्तीनें राखलें होतें, हें आपण विसरूं नये.

आतां त्यांनीं काय केलें तें पाहूं. आपल्या सप्तकांत सात शुद्ध स्वर आहेत. त्यांपैकीं षड्ज व पंचम हे अचल. रिषभ, गांधार, धैवत व निषाद यांचीं कोमल रूपें होतात आणि मध्यमाचें तीव्र रूप होतें. असे एकंदर १२ स्वर झाले. ज्या पांच स्वरांचीं दोन दोन रूपें आहेत त्यांतील प्रत्येकाचें एकेक रूप घेऊन सात स्वरांचे सांचे बनविले, तर गणितानें ३२ सांचे होतात. यांपैकीं उत्तरेकडील गवयांच्या प्रत्यक्ष गाण्यांत ज्यांचा उपयोग होतो असे दहा भातखंड्यांनीं निवडले. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी व तोडी हे ते दहा थाट होत.

एका थाटांतून किती राग होऊं शकतील, याचेंहि गणित आहे, आणि तें गणिताच्या तासास करून पाहण्याजोगें आहे. षड्ज कधीं सोडावयाचा नाहीं. सातहि स्वर घेण्याची रीत १, एक स्वर सोडून सहा घेण्याच्या रीती ६, व दोन सोडून पांच घेण्याच्या रीती १५. मिळून २२ झाल्या. आरोहाच्या २२ व अवरोहाच्या २२ यांचा गुणाकार ४८४ होतो. म्हणजे एकट्या थाटाचे ४८४ राग कागदावर निघतात! परंतु कागदावरचा प्रत्येक राग गोड लागत नाहीं. ज्यानें कानास आनंद होतो व जो गाणारे खरोखर गातात तोच राग. म्हणून भातखंड्यांनीं एक तत्त्व धरिलें कीं, प्रत्यक्ष गाणें तें लक्ष्य, आणि त्याचा नियम तें लक्षण. लक्षणानें लक्ष्याच्या मागें चालावें, पुढें धांवूं नये. व्याकरण भाषेपासून निघतें, भाषा व्याकरणापासून निघत नाहीं, तसेंच हें आहे. १९०९-१० च्या सुमारास त्यांनीं संस्कृतांत जो श्लोकबद्ध ग्रंथ लिहिला त्याचें नांवहि श्रीमल्लक्ष्यसंगीतम् असेंच ठेविलें. त्यावर स्वतःचें नांव न घालतां चतुरपंडित हें टोपणनांव घातलें.

यानंतर त्यांनीं मराठींत हिंदुस्थानी संगीत पद्धति हा चार भागांचा मोठा ग्रंथ लिहिला. त्याचा पहिला भाग १९१० सालीं निघाला व शेवटचा १९३२ सालीं. या ग्रंथाची एक विशेष गोष्ट अशी कीं, तो गुरु व शिष्य यांच्या संभाषणाच्या रूपानें लिहिलेला आहे. शिष्य शंका काढतो, गुरु उत्तर देतात. शिष्य त्या उत्तरावर पुन्हा शंका काढतो. आमच्या गुरूंनीं असें सांगितलें एवढ्या उत्तरानें ज्याचें समाधान झालें नाहीं, त्या तरुण भातखंड्यांस जो गुरु हवा होता, तोच जणूं त्यांनीं या ग्रंथांत पुढच्या मुलांसाठीं निर्माण केला.

परंतु दहा वर्षांच्या मुलास एवढा मोठा ग्रंथ कसा द्यावा? त्यास नियम तर कळले पाहिजेत, आणि नियमांचा कंटाळाहि येतां कामा नये. येथें दक्षिणेकडील लक्षणगीताची चाल त्यांच्या उपयोगी आली. प्रत्येक रागासाठीं त्यांनीं त्याच रागांत व तालांत लहान लहान गीतें रचलीं. गीताच्या शब्दांतच सांगितलेलें असावें कीं, हा राग अमुक थाटांतील, यांत अमुक स्वर वर्ज्य, अमुक स्वर वादी म्हणजे मुख्य, अमुक संवादी म्हणजे त्याचा प्रधान सोबती, व अमुक प्रहरीं हा गावा. मूल गाणें पाठ करतें, आणि गाण्याबरोबर शास्त्र आपोआप पाठ होतें. शिवाय शब्द जें सांगतात तेंच चाल करून दाखविते. मध्यम सोडावा असें शब्दांत म्हटलें असतां चालींत मध्यम खरोखरच येत नाहीं! शब्द व स्वर हे एकमेकांचे साक्षी होतात. या गीतांतहि त्यांनीं बहुधा चतुर एवढीच खूण ठेविली.

याच्या आधींची पायरी सरगमगीताची. त्यांत निराळे शब्दच नसतात. सा रे ग म हींच अक्षरें तालांत बांधून गावयाचीं. पहिल्यानें सरगम, मग लक्षणगीत, मग पूर्वजांचीं ध्रुपदें व ख्याल, असा चढता क्रम त्यांनीं लावून दिला. क्रमिक पुस्तक मालिका या नांवानें हीं पुस्तकें सहा भागांत निघालीं, आणि त्यांत दीड हजारांहून अधिक चिजा स्वरलिपींत छापल्या आहेत.

त्यांची स्वरलिपि अगदीं सोपी आहे. कोमल स्वराच्या खालीं आडवी रेघ. तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. खालच्या सप्तकाचा स्वर असेल तर खालीं टिंब, वरच्याचा असेल तर वर टिंब. स्वर लांबवावयाचा तेथें लहान रेघ. समेस फुलीची खूण व खालीस शून्य. एवढें शिकावयास एक दुपार पुरे होते. स्वरलिपीचा प्रयत्न भातखंड्यांच्या पूर्वींहि झाला होता. बंगाल्यांत सौरींद्रमोहन टागोरांच्या मंडळींनीं व बडोद्यास मौलाबक्षांनीं आपापल्या लिपी काढल्या होत्या. भातखंड्यांच्याच काळीं पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें व आपली निराळी लिपि चालविली. तथापि भातखंड्यांची लिपि साधी असल्यामुळें तीच पुढें अधिक ठिकाणीं रूढ झाली.

वाचकहो, ही रीत कशी चालते याचा एक प्रयोग घरच्या पेटीवर करून पाहा. सा रे ग प ध हे पांचच स्वर घ्या. मध्यम व निषाद सोडून द्या. आतां गांधारावर वारंवार या, तेथें थांबा, आणि धैवतास त्याचा सोबती करा. हा झाला भूप. तो कल्याण थाटाचा, रात्रीच्या पहिल्या प्रहरीं गावयाचा. आतां तेच पांच स्वर ठेवा, एकहि बदलूं नका. केवळ गांधाराचा मान धैवतास द्या, वरच्या स्वरांत अधिक हिंडा, आणि गांधारास त्याचा सोबती करा. भूप नाहींसा झाला व देशकार उभा राहिला! तो बिलावल थाटाचा, सकाळीं गावयाचा. सामग्री तीच, पण कोणास मुख्य मानलें यावर सर्व रूप पालटलें. भातखंड्यांचा वेळेचा नियमहि येथेंच दिसतो. सप्तकाच्या खालच्या अर्धांत वादी असेल तर तो राग बहुधा मध्यान्हापासून मध्यरात्रीपर्यंतचा, वरच्या अर्धांत असेल तर मध्यरात्रीपासून मध्यान्हापर्यंतचा. हे नियम हातीं आले म्हणजे मुलास स्वतः चार ओळींची चाल बांधतां येते, ती बरोबर आहे कीं चुकली हें पाहतां येतें, व चुकली तर कोठें चुकली हेंहि सांगतां येतें. अलीकडे संगणकावर व फोनवर गाणें रचतां रचतां संगीताचे नियम शिकविणारीं साधनें निघालीं आहेत. बोट ठेवावें, स्वर वाजावा, न पटल्यास बदलावा, अशी त्यांची रीत असते. आपल्यांपैकीं कित्येकांनीं तीं हाताळलीं असतील. त्यांच्या मुळाशीं असलेली कल्पना, म्हणजे गाणें करतां करतां नियम शिकणें, भातखंड्यांनीं एका शतकापूर्वीं पाटी, पेटी व कंठ एवढ्याच सामग्रीनें अमलांत आणली होती.

पुस्तकें लिहून ते थांबले नाहींत. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयानें मार्च १९१६ मध्यें अखिल भारतीय संगीत परिषद प्रथम भरली. तींत गवई व पंडित एका ठिकाणीं बसले, व रागांच्या रूपांविषयीं उघड चर्चा झाली. पुढें दिल्ली, काशी व लखनौ येथेंहि परिषदा झाल्या. १९१८ सालीं ग्वाल्हेरीस महाराज माधवराव शिंदे यांनीं माधव संगीत विद्यालय काढलें. तेथील शिक्षक भातखंड्यांची पद्धति शिकण्यासाठीं आधीं मुंबईस येऊन राहिले होते. पुढें ग्वाल्हेर घराण्याचे थोर गवई म्हणून प्रसिद्धीस आलेले राजाभैया पूछवाले हे त्यांपैकींच एक. १९२६ सालीं लखनौस मॅरिस कॉलेज या नांवाचें संगीतविद्यालय निघालें. भातखंड्यांचे लाडके शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनीं त्याचा भार पुष्कळ वर्षें वाहिला. तें विद्यालय आज विद्यापीठ झालें असून भातखंड्यांचेंच नांव धारण करतें. ज्या विद्येसाठीं पूर्वीं एखाद्या गुरूच्या दारीं वर्षानुवर्षें तिष्ठावें लागे, त्या विद्येचीं पहिलीं पाठें आतां कोणाहि मुलास व मुलीस शाळेच्या बांकावर बसून मिळूं लागलीं.

त्यांच्या पद्धतीवर आक्षेपहि आले. सगळे राग दहा थाटांत नीट बसत नाहींत; कांहीं ओढून ताणून बसवावे लागतात, असें अनेक जाणत्यांचें म्हणणें आहे, व तें निराधार नाहीं. कागदावरच्या स्वरांत मींड, आंदोलन, गळ्याचा हळुवारपणा उतरत नाहीं, हा दुसरा आक्षेप. तोहि खरा आहे. नकाशा पाहून गांवची वाट कळते, पण गांवचा वारा अंगास लागत नाहीं. भातखंड्यांनीं आपल्या शिष्यांस पुस्तकावर सोडून दिलें नाहीं, यावरून त्यांसहि ही मर्यादा ठाऊक होती असें दिसतें. रातंजनकरांस तर पुढील शिक्षण उस्ताद फैयाजखां यांजकडून मिळालें. पुस्तकानें गुरु अनावश्यक होत नाहीं. पण पुस्तक हातीं असलेला शिष्य गुरूपुढें डोळे उघडे ठेवून बसतो, आणि गुरु निघून गेल्यावर अगदींच निराधार होत नाहीं.

१९३३ सालीं भातखंड्यांस पक्षाघाताचा झटका आला आणि ते अंथरुणास खिळले. तीन वर्षें असा काळ काढून १९ सप्टेंबर १९३६ रोजीं, गणेशचतुर्थीच्या दिवशीं, मुंबईस त्यांनीं देह ठेविला. मागें ना पत्नी होती, ना अपत्य. परंतु त्यांनीं रचलेलीं लक्षणगीतें त्या दिवशींहि कोठल्या ना कोठल्या शाळेंत मुलें म्हणत असतील, आणि आजहि म्हणत आहेत. ज्याचें घर ओस पडलें, त्यानें हजारों घरांत गाणें नेऊन ठेविलें. १९६१ सालीं भारत सरकारनें त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढलें.

या चरित्रांतून आपण काय घ्यावें? सर्वांनाच गवई होतां येणार नाहीं, व त्याची गरजहि नाहीं. स्वतः भातखंडेहि मैफलीचे गवई म्हणून नांवाजलेले नव्हते. त्यांनीं केलें तें इतकेंच कीं, जें ऐकलें तें लक्षपूर्वक ऐकलें, तें कां असें विचारलें, लिहून ठेविलें, आणि दुसऱ्यास सोपें करून दिलें. एवढें आपल्यापैकीं कोणासहि करतां येईल. आपल्या खाडीच्या दोन्ही तीरांवर अजून जुनीं गाणीं जिवंत आहेत. आगऱ्यांच्या लग्नांत धवलारीण धवळे गाते. कोळ्यांची होळीचीं गाणीं आहेत. जुन्या ख्रिस्ती घरांत हळदीच्या व उंबराच्या पाण्याच्या वेळीं आज्या गाणीं म्हणतात. हीं गाणीं कोणत्याहि पुस्तकांत नाहींत असें नव्हे. पण आपल्या घरची जी चाल आहे, जी आजीच्या गळ्यांतच आहे, ती बहुधा कोठेंच लिहिलेली नसते.

या सुट्टींत एक काम करा. आजीजवळ बसा, आणि आधीं तिची परवानगी घ्या, कारण तें धन तिचें आहे. तिला एकच गाणें पुन्हा पुन्हा म्हणावयास सांगा. पेटीवर तिचा षड्ज शोधा, आणि मग सा रे ग म च्या अक्षरांत ती चाल वहीवर उतरा. किती स्वर लागले, कोणता सुटला, कोठें थांबावेंसें वाटतें, तें पाहा. वहीच्या पानावर तिचें नांव लिहा, गांवाचें नांव लिहा, तारीख घाला. मग ती वही पुढें ठेवून तेंच गाणें तिला म्हणून दाखवा. कोठें चुकलें तें ती लगेच सांगेल, कारण तिच्या कानाहून मोठा परीक्षक त्या गाण्यास दुसरा नाहीं. चूक दुरुस्त करा. किल्ल्याचे दगड राखण्यास सरकार आहे. आजीची चाल राखण्यास तिच्या नातवंडांवांचून दुसरें कोणी नाहीं.